तीन मुलांच्या घरशाळेचं वर्ष कसं आखावं: नागपूरच्या उन्हाचा हिशेब धरून

आमच्या घरशाळेचं पहिलं वेळापत्रक दिसायला फार देखणं होतं. पस्तीस मिनिटांचा एक तास, प्रत्येक विषयाला वेगळा रंग, मधे छोटी सुट्टी. तास संपला की वाजवायला शिट्टीही आणली होती. तिसऱ्या आठवड्यापासून कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता माझी शिट्टी वाजवायची राहून जाऊ लागली आणि पोळ्याच्या आत ती मधल्याच्या खेळण्यांत जमा झाली. वेळापत्रक मात्र दिवाळीपर्यंत फ्रिजवर चिकटून होतं, येता-जाता मला टोचत.

ते वेळापत्रक शाळेच्या वर्गाचं होतं. तिथं सगळी मुलं एका वयाची असतात, बाईंना मधेच भाजी निवडायची नसते आणि दार वाजलं तर उघडायला शिपाई असतो. माझ्याकडे तेव्हा सहा वर्षांची मुलगी, साडेतीन वर्षांचा मुलगा आणि कडेवर सहा महिन्यांचं बाळ होतं. आज मोठी 9 ची, मधला साडेसहाचा आणि धाकटी साडेतीनची आहे, आणि यंदाचा हा आमचा चौथा आराखडा. ज्यांच्याकडे दोन-तीन लहान मुलं आहेत आणि जूनच्या तोंडावर जे कोरी वही घेऊन बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. एकाच मुलाला घरी शिकवत असाल तर यातलं निम्मं तुम्हाला लागणार नाही.

सगळ्यात आधी कागद

हे काम कंटाळवाणं आहे, पण एका दुपारी उरकतं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, असं तो म्हणतो. कलम 10 प्रमाणे मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. ते पाळलं नाही तर पालकांना काय शिक्षा, हे कायद्यात लिहिलेलं नाही. घरशाळेला मान्यता देणारं कलमही त्यात नाही. थोडक्यात, ही जागा धूसर आहे आणि ते माहीत असूनच पाय टाकावा. कुणी ‘सगळं कायदेशीर आहे, बिनधास्त राहा’ म्हणालं किंवा ‘पोलीस येतील’ म्हणालं, तरी दोघांनीही कायदा वाचलेला नाही असं समजा.

आपल्या कामाचं कलम 4 आहे. सहा वर्षांवरचं मूल शाळेत गेलं नसेल, तर त्याला वयानुसार योग्य त्या वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे पडलं असेल तर खास शिकवणीचा हक्कही मिळतो. म्हणजे परतीचा दरवाजा उघडा आहे. माझ्या सासूबाईंचा अर्धा विरोध हे कलम वाचून दाखवल्यावर गेला. (उरलेला अर्धा कधी गेला ते पुढे येतं.)

परीक्षेचं म्हणाल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा, मुक्त मूलभूत शिक्षण कार्यक्रम आहे. त्यातली ‘अ’ पातळी तिसरीला, ‘ब’ पाचवीला आणि ‘क’ आठवीला समकक्ष. त्यांच्या दहावीला वयाची किमान अट 14 वर्षांची. आपल्या राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म असतो. मुलं आठ-नऊच्या आतली असतील तर यातलं काहीही यंदा करायचं नाही. वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ लिहा: कोणत्या वयात कोणती परीक्षा, आणि त्याची चौकशी कोणत्या महिन्यात करायची. जन्मदाखला, आधार आणि लसीकरणाचं कार्ड प्रत्येकाच्या नावाच्या फाईलमध्ये घाला आणि विसरून जा.

मग कॅलेंडर: विषय नंतर, दिवस आधी

माझा सगळा अनुभव एका वाक्यात सांगायचा तर हाच: विषयांची यादी करायला बसण्याआधी हाताशी खरोखर किती दिवस आहेत ते मोजा. आम्ही हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं करतो.

वर्षाचे 52 आठवडे. नागपुरात 20 एप्रिलनंतर सकाळी नऊलाच गच्चीची फरशी चटका देते आणि मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. शाळांनासुद्धा हे कळतं. बाकीच्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला भरतात, विदर्भात त्याच्याही नंतर. म्हणून 20 एप्रिल ते जूनअखेर, असे 10 आठवडे खोडा. दिवाळीचे 2. पोळा, गणपती आणि महालक्ष्म्या मिळून 1. ज्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात त्यांना सांगायला नको, त्या तीन दिवसांत घरात कुणी कुणाला पाढे विचारत नाही. नवरात्र-दसरा 1. आजारपणाचे 2, कारण एकाला व्हायरल झाला की तो तिघांत फिरून परत पहिल्याकडे येतो. लग्नं, पाहुणे आणि अचानक अकोल्याला जाणं, याचे 2. झाले 18. उरले 34.

आता आठवड्याचे दिवस पाच नव्हे, चार धरा. पाचवा दिवस बँक, दवाखाना, बाजार आणि राहिलेल्या कामांचा. 34 गुणिले 4 म्हणजे 136 दिवस. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी 200 दिवस आणि 800 तास सांगितलेत, त्यामुळे 136 ऐकून पहिल्यांदा पोटात गोळा येतो. पण ते 800 तास भरलेल्या वर्गाचे असतात. हजेरी, रांग, पाणी प्यायला जाणं, शेजारच्यानं पेन्सिल घेतली ही तक्रार, सगळं त्यात येतं. समोर एकच मूल असेल तर वीस मिनिटांत होणारं गणित वर्गात दोन दिवस चालतं.

सणांच्या तारखा मागच्या वर्षीच्या वहीतून उचलू नका. साधारण वर्षी ते दहा-अकरा दिवस अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की अठरा-एकोणीस दिवस पुढे जातात. एका वर्षी मी हे विसरले आणि मोठीच्या भागाकाराचा पहिला आठवडा नेमका फराळात गेला.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते. पितृपक्षाचे पंधरा दिवस घरशाळेला सोन्यासारखे. लग्न नाही, मुंज नाही, वास्तू नाही, खरेदी नाही, कुणी बोलावत नाही. पाऊस ओसरत आलेला असतो. वर्षातलं सगळ्यात अवघड प्रकरण मी मुद्दाम या पंधरवड्यात टाकते. तसंच डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सिव्हिल लाईन्स-सीताबर्डीकडे जायचा बेत आखू नये. मोर्चे, बंद रस्ते आणि कारमध्ये भुकेली तीन मुलं, हे एकदा झालंय.

कोण कुठं उभा आहे

जूनमधले तीन-चार दिवस याला द्या. परीक्षा घेऊ नका. मुलं सावध होतात आणि तुम्ही घाबरता. मोठीला मी वर्तमानपत्रातली हवामानाची चौकट वाचायला सांगितली, किराणाची यादी लिहायला दिली आणि दुकानातून किती पैसे परत येतील ते विचारलं. यादीत ‘तूरडाळ’ आणि ‘जिरे’ बिनचूक आलं, ‘वेलदोडे’चं ‘वेलडोदे’ झालं आणि 500 मधून 362 वजा करताना ती हातच्यात अडकली. एवढ्यानं माझं वर्षाचं गणित आणि शुद्धलेखन ठरलं. मधल्याला ओळखीच्या गोष्टीचं पान उघडून दिलं: जोडाक्षर नसलेली वाक्यं वाचली, ‘रात्र’पाशी थांबला. धाकटीला दहापर्यंत म्हणता येतं, पण चार पोळ्या मोजायला सांगितल्या तर सहा होतात.

प्रत्येकाचं एक पान करा: काय येतं, कुठं अडतं, आणि यंदा कोणत्या तीनच गोष्टी यायला हव्यात. तीनच. मधल्याच्या पानावर यंदा आहे: जोडाक्षरांसह वाचणं, दशक-सुटे समजून दोन अंकी बेरीज-वजाबाकी, आणि स्वतःच्या चपला जागेवर ठेवणं. तिसरी गोष्ट विनोद म्हणून लिहिलेली नाही.

एकत्र काय, वेगळं काय

तीन मुलं गुणिले सहा विषय म्हणजे अठरा तास, असा हिशेब केला की माणूस पहिल्याच पानावर थकतो. त्याची गरज नसते. वेगळं शिकवावं लागतं ते फक्त वाचन-लेखन आणि गणित, कारण तिथं एक पायरी सुटली तर पुढची चढता येत नाही. बाकी सगळं, म्हणजे परिसर, इतिहास, विज्ञान, कविता, चित्रं, गाणी, एकाच सतरंजीवर होतं. विषय एकच असतो, प्रत्येकाकडून अपेक्षा वेगळी.

संत्र्याचंच घ्या. नागपुरी संत्र्याचे बहार दोन. आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात आणि फळ ऑक्टोबर ते डिसेंबर. मृग बहाराची फुलं पावसाच्या तोंडावर, फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. नोव्हेंबरात आम्ही गोकुळपेठेच्या बाजारातून दोन किलो संत्री आणली की ती आठवडाभर पुरतात, म्हणजे अभ्यासाला. खायला एक संध्याकाळ. धाकटी फोडी मोजते आणि साल सोलते. मधला प्रत्येक संत्र्यातल्या बिया मोजून चित्रालेख काढतो, एक बी म्हणजे एक ठिपका. मोठी सोलण्याआधी आणि सोलल्यावर वजन करते, सालीचं वजन काढते आणि दोन्ही बहारांचे महिने एका गोल कॅलेंडरवर रंगवते. मग तिनं विचारलं की झाडाला वर्षातून दोनदा फुलं येतात तर शेतकरी दोन्ही पिकं का घेत नाही? मला येत नव्हतं. काटोलकडे बाग असलेल्या मामांना फोन लावला. ते म्हणाले, ‘झाडाला ताण द्यावा लागते बाई, पाणी तोडून. दोन्ही बहार घेतले तर झाड टिकन का?’ तिघंही स्पीकरला कान लावून होते. असा धडा पुस्तकातून मला शिकवता आला नसता.

वर्षाला असे आठ-नऊ विषय पुरतात, प्रत्येकाला तीन ते चार आठवडे. आमची यंदाची यादी: पाऊस आणि नाग नदी, बैल आणि शेती, गोंड राजे ते भोसले, दिवे आणि उजेड, संत्रं, रेल्वे, आकाश, आपलं शरीर, आणि शेवटी ऊन.

पुस्तकं कोणती? बालभारतीची. ती पीडीएफमध्ये फुकट मिळतात, भाषा आपली आहे आणि उद्या शाळेत जावं लागलं तर धागा तुटत नाही. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक तर बालभारतीनं जिल्हावार काढलं होतं. नागपूर जिल्ह्याची प्रत कुणाच्या माळ्यावर पडली असेल तर मागून घ्या. मुलांचं ‘किशोर’ मासिकही बालभारतीचंच, 1971 पासूनचं. जुने अंक हाती लागले तर उन्हाळा निघतो. पुस्तक फूटपट्टीसारखं वापरा. समजा गणिताच्या पुस्तकाची 102 पानं आहेत, भागिले 34, म्हणजे आठवड्याला 3 पानं. एवढं नीट झालं की त्या आठवड्याचं गणित संपलं. महागडे परदेशी संच मागवण्याच्या मी विरोधात आहे. आमच्याकडे एक आला होता. त्यातल्या चार ऋतूंत बर्फ होता आणि कूलर नव्हता.

गणितासाठी आम्ही खराट्याच्या काड्या वापरतो. दहा-दहांचे गठ्ठे रबरानं बांधायचे; गठ्ठा म्हणजे दशक, उरलेल्या काड्या सुट्या. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. मीही तेव्हा नाक मुरडलं होतं. मधल्याला शिकवायला बसल्यावर कळलं की अडचण खरीच आहे. 59 लिहायला सांगितलं की तो 69 लिहायचा, कारण ‘एकोणसाठ’मध्ये त्याला साठ ऐकू यायचं. त्याचं बरोबरच होतं की! मग साठ काड्यांचे सहा गठ्ठे समोर ठेवले आणि म्हटलं, एकोण म्हणजे एक ऊन. यातली एक काढ. त्यानं एक गठ्ठा सोडला, एक काडी माझ्या हातात दिली, उरलेलं मोजलं: पाच गठ्ठे, नऊ सुट्या. थोडा वेळ बघत बसला. मग म्हणाला, ‘ऊन म्हणजे आपलं बाहेरचं ऊन?’ नाही रे, हे दुसरं ऊन, कमी असलेलं. ‘नागपुरात तर ऊन जास्त असते,’ असं म्हणून त्यानं एकोणतीस, एकोणचाळीस, सगळे गठ्ठे सोडून पाहिले. तेव्हापासून आम्ही दोन्ही म्हणतो, ‘पन्नास नऊ, एकोणसाठ’. माझं नाक सरळ झालंय.

दिवस बसवताना

घड्याळाऐवजी क्रम पाळा. आमचा क्रम असा. नाश्ता झाला की साडेआठच्या सुमारास सगळे सतरंजीवर. आधी धाकटीची दहा मिनिटं: तिची गोष्ट, तिचं गाणं, तिची मांडी. ही युक्ती मला दोन वर्षं उशिरा सुचली. मी आधी मोठीला घ्यायचे, ‘तिचा अभ्यास महत्त्वाचा’ म्हणून, आणि धाकटी पाऊण तास माझ्या ओढणीला लटकलेली असायची. तिचं पोट आधी भरलं की ती आपण होऊन उठून जाते.

मग वीस-पंचवीस मिनिटं सगळ्यांचा एकत्र विषय. त्यानंतर मधल्याचं गणित, वीस मिनिटं, माझ्याशेजारी. तेवढ्यात मोठी स्वतःचं वाचन किंवा शुद्धलेखन करते आणि धाकटी तिच्या टोपलीशी असते. या टोपलीबद्दल सांगायलाच हवं. ती फक्त अभ्यासाच्या वेळीच कपाटातून खाली येते, एरवी मुळीच नाही. म्हणून तिचं अप्रूप टिकतं. आत वाट्या, झाकणं, कापडाचे तुकडे, मोठी बटणं आणि एक चमचा. मधला तिच्या वयाचा असताना मी टोपलीत वाटाणे ठेवले होते. त्यातला एक त्यानं नाकात घातला, दवाखान्यात अर्धा दिवस गेला आणि डॉक्टर चिमट्यानं वाटाणा काढून मलाच दाखवत म्हणाले, ‘हा कोणत्या विषयाचा?’ नाकात-कानात जाईल असं काहीही पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या टोपलीत नको.

मग मोठीचं गणित, आणि या वेळी मधला धाकटीला सांभाळतो. सांभाळतो म्हणजे दोघं गादीवर उड्या मारतात. चालतं. पावणेदहाला खाणं. नंतर मधल्याचं पंधरा मिनिटं वाचन, मोठीचं अर्धा तास लेखन, आणि अकराला वह्या बंद. दुपारी पुस्तक नाही. दुपारी आजीसोबत पापड लाटणं, सांबार निवडणं, पत्ते. (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या मावशीकडे मधल्यानं ‘सांबारवडी आहे का’ विचारलं तेव्हा तिनं त्याला इडली दिली होती.)

मार्चनंतर हाच क्रम सकाळी साडेसहाला सुरू करा आणि साडेआठला संपवा.

भाषेचंही इथंच सांगते. नागपुरात मूल गल्लीत हिंदी आपोआप शिकतं. त्यासाठी वेळ ठेवू नका. उलट मराठी वाचन जपावं लागतं. पहिली दोन वर्षं अक्षर फक्त देवनागरीचं, इंग्रजी कानानं. मधला अजून ए-बी-सी-डी लिहीत नाही आणि शेजारच्या काकू दर महिन्याला चौकशी करतात. एक लिपी पक्की झाली की दुसरी किती पटकन येते, ते मोठीच्या वेळी पाहिलंय, म्हणून मी हसून विषय बदलते.

बाहेरचे दिवस ऋतूप्रमाणे लावा

आठवड्याचा पाचवा दिवस महिन्यातून दोनदा बाहेर जाण्यासाठी. पावसाळ्यात छपराखालच्या जागा: गांधीसागर तलावाजवळचं रमण विज्ञान केंद्र, आणि सिव्हिल लाईन्समधला अजब बंगला, म्हणजे 1863 साली सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय. दोन्ही एका दिवशी करू नका. अजब बंगल्यात तर एकाच दालनात जाऊन परत या. लहान मुलांचे पाय आणि डोळे पाऊण तासात थकतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा नसतेच, पण त्या दिवसासारखा अभ्यास वर्षात दुसरा नाही. सकाळी महाल भागात काळ्या-पिवळ्या मारबतीची, म्हणजे इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’, आणि संध्याकाळी तान्हा पोळा. मुलं लाकडी बैल घेऊन घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. मधल्यानं गेल्या वर्षी बोजाऱ्याच्या नाण्यांचे दहा-दहाचे ढीग लावले, न सांगता. गर्दीत मात्र तीन मुलं घेऊन एकटीनं जाऊ नका. मिरवणूक ओळखीच्या कुणाच्या तरी गॅलरीतून पाहावी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले राजेशाही महिने. रामटेक, अंबाझरीचा काठ, महाराजबाग, सगळं यातच उरका. मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय माझं विशेष आवडतं. जाताना मोजपट्टी न्या. रुळांमधलं अंतर मुलांनाच मोजू द्या: 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मोठीनं ते अंतर वहीत लिहून घेतलं आणि घरी येऊन खडूनं अंगणात शेजारी ब्रॉडगेजचंही आखलं, 1676 मिलिमीटर. दुपटीहून जास्त! धाकटी त्या रुळांवरून दोन दिवस गाडी होऊन धावत होती.

नागपुरातल्या झीरो माईलच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या अंतर मोजायच्या, खांबावर गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. जबलपूर 170, हैदराबाद 318. किलोमीटर करायला साधारण 1.6 नं गुणायचं. मोठीनं नवऱ्याच्या मोबाईलवरच्या नकाशाशी ताडून पाहिलं आणि फरक का पडतो यावर जेवताना वाद घातला. अंतरं जुन्या रस्त्यांची आहेत, हे बाबांना आधी सुचलं, तिला नाही, याचा तिला राग आहे.

नोंदी, आणि कोसळलेले आठवडे

रोजची नोंद दोन ओळींची ठेवा, झोपण्याआधी. ‘काय करायचं होतं’ लिहू नका, ‘काय झालं’ तेवढं लिहा. तारीख, वाचलेलं पान, एखादं वाक्य. महिन्याला प्रत्येकाची एक वही-पान आणि एक चित्र फाईलमध्ये. उद्या शाळेत प्रवेश घ्यायचा झाला तर दाखवायला हेच उपयोगी पडतं. आणि नातेवाइकांसाठीही. मोठीनं पहिल्या वर्षी आजीला लिहिलेली चिठ्ठी आणि तिसऱ्या वर्षीचं चार पानी पत्र आम्ही सासूबाईंना शेजारी ठेवून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, चष्मा पुसला, आणि दुसऱ्या दिवसापासून धाकटीला अंकलिपी घेऊन बसू लागल्या. विरोधाचा उरलेला अर्धा तिथं संपला.

कोसळलेला आठवडा येणारच. मागच्या ऑगस्टात सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि दोन मुलांचा ताप एकत्र आला. बारा दिवस एक पान उलटलं नाही. अशा वेळी आमचा ‘खिचडी आराखडा’ असतो: मोठीनं दोघांना एक गोष्ट वाचून दाखवायची, मधल्यानं पाच गणितं करायची, बस. आजारपणाचे 2 आठवडे आधीच खोडलेले असतात, त्यामुळे नंतर भरून काढायचं काही उरत नाही. दर सहा आठवड्यांनी मात्र नवऱ्याबरोबर अर्धा तास बसून तिघांची पानं उघडते. ज्या पानावर तीनपैकी एकही गोष्ट हललेली नाही, तिथं पद्धत बदलते.

उन्हाळ्याचं काय

एप्रिलच्या विसाव्या तारखेला शाळा संपते, पण वाचन चालू राहतं. दुपारी कूलरसमोर तिघं एकावर एक पडलेले असतात. कूलरमध्ये पाणी भरणं मधल्याकडे. किती बादल्या लागल्या ते तो खडूनं भिंतीवर रेघा ओढून ठेवतो, पाचाच्या जुड्या करून.

आणि मे महिन्यातला एक दिवस राखून ठेवा. नागपूर 21.15 अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जुलैतला दिवस ढगांत जातो. मेमधला 26-27 तारखेच्या आसपास सापडतो, दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास. पावणेबारालाच गच्चीवर पाणी मारून घ्या, मुलांच्या पायात चपला आणि डोक्याला दुपट्टे. एक स्टीलचा पेला उपडा ठेवा आणि त्याच्या सावलीभोवती दर पाच मिनिटांनी खडूनं रेघ ओढा. गेल्या वर्षी रेघा आत आत सरकत गेल्या आणि बाराच्या पुढे कधीतरी पेल्याबाहेर सावली उरलीच नाही. धाकटी पेला उचलून खाली शोधत होती. मोठी म्हणाली, थांब, ठेव परत, आत्ता दुसऱ्या बाजूनं निघेल. सव्वाबाराला बारीकशी कड दिसली. मधल्याला घाम आला होता, तो म्हणाला झालं ना आता, चला खाली, आणि आम्ही खडू तिथंच सोडून खाली पळालो.